असईचे शिपाई कोणत्या रंगात रंगवावेत?

१/ दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आपल्या सर्वांच्या परिचयाचे. हीच हौस जगात अनेक ठिकाणी प्रौढांनी गांभीर्याने जोपासली आहे. धातूच्या वा प्लास्टिकच्या, साधारण २८ मिलिमीटर उंचीच्या सैनिकांच्या लघुमूर्ती रंगवायच्या आणि टेबलावर मांडून ऐतिहासिक लढाया नियमांनुसार खेळायच्या, असा हा छंद आहे. त्यातल्या एका प्रश्नाविषयी या धाग्यात मत मांडतो : मराठा फौजेला रंग कोणता द्यावा?

२/ थोडी पार्श्वभूमी. १८२४ साली प्रशियाच्या लष्करातील राइसवित्झ या अधिकाऱ्याने ‘क्रीगश्पील’ हा प्रशिक्षणाचा खेळ सिद्ध केला. त्यात तुकड्या दाखवायला लाल आणि निळे ठोकळे पुरत असत. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांच्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकाने खेळण्यातल्या सैनिकांचा युद्धखेळ सामान्य वाचकापर्यंत नेला. ठोकळ्याच्या जागी माणूस आला आणि माणसाबरोबर त्याच्या अंगावरचे कापड आले.

३/ ब्रिटिश पलटणींचे कापड शोधणे सोपे आहे. डगला सर्वांचा तांबडा, पण गळपट्टी आणि बाहीच्या टोकाचा रंग पलटणीगणिक निराळा. असईला लढलेल्या ७४ व्या हायलँडर पलटणीचा पांढरा, तर ७८ व्या पलटणीचा फिकट पिवळसर. या एका छटेसाठी हौशी मंडळी जुने ग्रंथ पालथे घालतात.

४/ समोरची शिंदे-भोसल्यांची फौज मात्र पुष्कळदा एकाच भगव्या रंगात उरकली जाते. पगड्या भगव्या, अंगरखे भगवे, चेहरे एकसारखे. यात केवळ रंगाची चूक होत नाही. ती फौज कशी उभी राहिली होती, हेच त्या एका रंगाखाली झाकले जाते.

५/ २३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या जमिनीवर आर्थर वेलस्लीची गाठ दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी पडली. शिंद्यांचे कवायती पायदळ सुमारे १०,८०० होते, अधिक मोठा तोफखाना आणि हजारो स्वार.

६/ या कवायती पायदळाला ‘कंपू’ म्हणत. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये डी बॉईन या सावॉयच्या सेनानीला चाकरीस घेतले, तेथून या कंपूंचा आरंभ झाला. बंदूक, कवायत व गणवेश युरोपीय धर्तीचे. डी बॉईनच्या पलटणींच्या निशाणावर सावॉयचा पांढरा क्रॉस असे! असईला मुख्य कंपू हॅनोव्हरच्या पोलमनच्या हाताखाली होता आणि बेगम समरूच्या पलटणीही सोबत होत्या. शिपायांत अवध व दुआबाकडील लोकांचा भरणा मोठा होता.

७/ स्वारांची व्यवस्था याहून अगदी वेगळी. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारे आणि स्वतःचे कपडे घेऊन येई. बारगिराला घोडा सरकारी मिळे. शिलेदारांच्या पथकात गणवेश शोधणे व्यर्थ आहे. ज्याची जशी ऐपत, तशी त्याची पगडी.

८/ म्हणून माझे म्हणणे असे की, रंगाचा प्रश्न हा मुळात पगाराचा प्रश्न आहे. कापड सरकारने दिले तेथे रांग एका रंगाची, शिपायाने स्वतः आणले तेथे दहा स्वारांचे दहा रंग. नीट रंगवलेली मराठा फौज पाहताच राज्याचा पैसा कोठे जात होता, हे प्रेक्षकाच्या ध्यानात यावे.

९/ आता टेबलाची दुसरी बाजू पाहा. वेलस्लीच्या फौजेत गोऱ्या पलटणी थोड्याच होत्या. मद्रासच्या देशी पलटणी होत्या, म्हैसूरचे स्वार होते आणि वसईच्या तहानंतर कंपनीच्या आश्रयाला गेलेल्या पेशव्यांच्या बाजूचे मराठा स्वारही होते. हे स्वार शत्रूच्या घोडदळावर नजर ठेवण्यासाठी केळणेच्या दक्षिणेला उभे होते. ‘मराठा म्हणजे भगवा’ हा नियम लावला, तर यांना कोणता रंग देणार?

१०/ सर्वांत अधिक काळजी घ्यावी ती शिंद्यांच्या गोलंदाजांच्या मूर्तींची. पायदळाची फळी मोडली तरी ते तोफांपाशी ठाम राहिले आणि तेथेच संगिनींना बळी पडले. काहींनी मेल्याचे सोंग घेतले आणि शत्रू पुढे सरकताच तोफा त्याच्या पाठीवर वळवल्या.

११/ यावर आक्षेप येईल : ‘हा शेवटी खेळ आहे, टेबलावर दोन्ही बाजू झटकन ओळखू आल्या पाहिजेत.’ आक्षेप रास्त आहे. पण ओळख पटवण्यासाठीच तर निशाणे असतात. भगवा झेंडा जरूर उभारावा, मात्र त्याचा रंग प्रत्येकाच्या अंगावर ओतू नये. दुसरा आक्षेप पुराव्यांच्या तुटवड्याचा. पुरावा नाही तेथे गणवेश कल्पनेने शिवण्यापेक्षा धुऊन विटलेल्या सुती कापडाचा मळकट पांढरा रंग द्यावा.

१२/ जमिनीविषयीही एक सूचना. हिंदुस्थान म्हटले की मूर्तीच्या तळाला पिवळी वाळू चिकटवण्याची रीत आहे. असईची लढाई मात्र सप्टेंबरात, पावसाळा सरत असताना झाली. तेथे काळी माती आणि हिरवे गवतच हवे.

१३/ एक मूर्ती वीस सैनिकांबरोबर धरली, तरी शिंद्यांच्या कवायती पायदळासाठी ५४० मूर्ती लागतात. हे काम महिनोन्महिने चालते. एवढा वेळ एखाद्या साध्या शिपायाच्या पगडीचा, पट्ट्याचा, जोड्याचा विचार करण्यात क्वचितच कोणी घालवतो. आपल्या इतिहासलेखनात सरदारांची घराणी आहेत, कारभाऱ्यांची पत्रे आहेत. शिपाई बहुधा केवळ आकड्यात येतो.

१४/ त्या दिवशी वेलस्लीच्या बाजूला ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता, अशी माणसागणिक मोजदाद झाली. शिंद्यांच्या बाजूच्या मृतांचे आकडे अंदाजाचे आहेत. ज्यांची नीट गणतीही झाली नाही, त्यांना निदान आपण एका ब्रशच्या फटकाऱ्यात उरकू नये. कोणी विचारले, तर प्रत्येक मूर्तीचा रंग असाच का, हे आपल्याला सांगता आले पाहिजे.

(धागा समाप्त)