एफआयआरची एक प्रत तुमच्याकडेही येऊ द्या

प्रति,
मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण, मुंबई

महोदय,



ट्रकने उडवल्यामुळे माणूस मेला, तर पोलिसांना ४८ तासांच्या आत पहिला अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवावा लागतो. २०२२ पासून तसा नियमच आहे. तोच माणूस बांधाच्या भांडणात कुऱ्हाडीच्या घावाने मेला, तर त्याच्या बायकोच्या भरपाईसाठी पोलीस ठाण्यातून एकही कागद आपणहून बाहेर पडत नाही. हक्क दोघींनाही आहे. एकीच्या हक्काची आठवण यंत्रणेने ठेवायची आणि दुसरीने आपला हक्क आहे हे आधी स्वतः शोधून काढायचं, मग अर्ज करायचा. हे पत्र त्या दुसरीबद्दल आहे.

मी तालुक्याच्या ठिकाणी वकिली करते. खुनाच्या खटल्यात आरोपीच्या बाजूने वकील असतो, सरकारच्या बाजूने सरकारी वकील असतो, आणि मागच्या बाकावर पदर सावरून बसलेली एक बाई असते. ती कोणाची अशील नसते. खटला 'राज्य विरुद्ध अमुक' असा चालतो, आणि त्या अमुकने जिचं घर मोडलं तिचं नाव साक्षीदारांच्या यादीत सातवं किंवा नववं असतं. अशा बायकांशी बोलताना मी एक प्रश्न हमखास विचारते: भरपाईचा अर्ज केलात का? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, 'कसली भरपाई?'

कायदा नाही म्हणून हे होतं असं मात्र नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७ अ ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झालं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३९६ म्हणून आलं आहे. पीडित या व्याख्येत पालक आणि कायदेशीर वारसही येतात. आरोपी सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरीही पीडिताला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना थेट प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची आहे. पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या किंवा दंडाधिकाऱ्याच्या दाखल्यावर प्रथमोपचार, मोफत उपचार किंवा अंतरिम मदत देण्याचा अधिकार तुमच्या प्राधिकरणाला आहे. आपल्या राज्याची स्वतःची पीडित नुकसानभरपाई योजना २०१४ पासून आहे. वाचायला बसलं तर कायदा चांगला उदार वाटतो. पण या सगळ्याची सुरुवात 'अर्ज' या शब्दापासून होते, आणि गाडी तिथेच अडते.

अर्ज करण्याची वेळ येते तेव्हा त्या घरात काय चाललेलं असतं, हे मुंबईत बसून कदाचित डोळ्यांसमोर येणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. गुन्हा घरात घडला असेल तर घर हेच घटनास्थळ. पंचनामा होईपर्यंत आत जायचं नाही, आणि पंचनामा झाला की भिंतीवरचं, फरशीवरचं रक्त घरच्यांनीच धुवायचं. त्यासाठी कुठलीही सरकारी व्यवस्था नाही, आणि असावी असं कोणी म्हटल्याचंही माझ्या ऐकण्यात नाही. ग्रामीण रुग्णालयातून शवविच्छेदनानंतर मृतदेह गावी न्यायचा, त्या गाडीचं भाडं उसनं काढायचं. मेलेल्याची मोटारसायकल आणि मोबाइल मुद्देमाल म्हणून जप्त. मोटारसायकल ठाण्याच्या आवारात ऊन-पाऊस खात उभी राहते, आणि तिचे हप्ते मात्र चालूच राहतात. मोबाइल गेला म्हणजे कोणाकडून किती पैसे यायचे, कोणाला द्यायचे, हा सगळा हिशेबही गेला. दहाव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं, तेराव्यानंतर एकेक जण आपापल्या गावाला लागतो. मग सासरचे म्हणतात, थोडे दिवस माहेरी जाऊन ये. माहेरचे विचारतात, पोरांच्या शाळेचं काय.

यात एफआयआर कोणाच्या हातात असते? फिर्याद बहुतेक वेळा दिराने किंवा चुलत भावाने दिलेली असते. फिर्यादीला किंवा पीडिताला प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे असं नवा कायदा सांगतो. प्रत्यक्षात प्रत दिराच्या खिशात राहते आणि विधवा तारखेला कोर्टात आल्यावर माझ्यासारख्या कोणाला विचारते, 'मॅडम, आमच्या केसचा नंबर काय?' उद्या भरपाई मंजूर झालीच, तर ती सासू-सासऱ्यांना किती, बायकोला किती, मुलांच्या नावे किती, यावरून त्याच घरात दुसरं भांडण पेटतं. तोवर बाई माहेरी गेलेली असली तर तिच्या वतीने बोलायला त्या घरात कोणी नसतं. म्हणूनच चौकशीच्या वेळी तिला स्वतंत्रपणे गाठून तिचं म्हणणं ऐकणं हे तुमच्या माणसांचं काम आहे. अर्ज कोणाच्या सहीने आला एवढ्यावर ते ठरू नये.

आता माझी मागणी. खून, खुनाचा प्रयत्न, सदोष मनुष्यवध आणि गंभीर दुखापत या गुन्ह्यांची एफआयआर नोंदवली गेली की तिची एक प्रत पोलीस ठाण्याने त्याच दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पाठवावी. ती मिळाली की जिल्हा सचिवांनी अर्जाची वाट न पाहता पडताळणी सुरू करावी.

ही कल्पना माझी नाही. ती तुमच्याच कपाटात आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने लैंगिक अत्याचार आणि इतर गुन्ह्यांतील पीडित महिलांसाठी जी भरपाई योजना २०१८ मध्ये केली, तिच्यात नेमकं हेच लिहिलं आहे: योजनेत येणाऱ्या गुन्ह्याची एफआयआर पोलिसांनी प्राधिकरणाला कळवलीच पाहिजे, म्हणजे योग्य प्रकरणात अंतरिम भरपाईसाठी प्राधिकरणाला आपणहून पडताळणी करता येईल. म्हणजे तत्त्व मान्य झालं आहे, रस्ता आखला आहे. फक्त त्या रस्त्यावर पुरुषाचा खून बसत नाही, कारण योजनाच महिलांसाठी आहे. शेतमजूर नवरा मारला गेला तर त्याची विधवा पुन्हा अर्जाच्या रांगेत. तिचं दुःख त्या कलमात बसत नाही एवढाच तिचा दोष.

राज्याला हे जमतच नाही असंही नाही. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या पीडितांसाठी मनोधैर्य योजना महाराष्ट्राने २०१३ मध्ये सुरू केली आणि पुढे तिची मर्यादा १० लाखांपर्यंत वाढवली. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या नियमांत तर खुनाच्या प्रकरणात मदतीची अर्धी रक्कम शवविच्छेदनानंतर आणि उरलेली अर्धी आरोपपत्र न्यायालयात गेल्यावर द्यायची असं टप्प्यांसह ठरलेलं आहे. त्याच नियमांत पीडित, अवलंबित आणि साक्षीदार यांचा प्रवासखर्चही धरला आहे. अंमलबजावणीच्या तक्रारी तिथेही आहेत, मला ठाऊक आहेत. पण निदान पैसे कुठल्या कागदामागे येणार हे त्या घराला सांगता येतं. खटला संपेपर्यंत थांब, असं तिथे कोणी म्हणत नाही.

खटला संपेपर्यंत म्हणजे किती, हे मालेगावने दाखवलं. २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटाचा निकाल ३१ जुलै २०२५ रोजी लागला. सगळे आरोपी निर्दोष सुटले, आणि न्यायालयाने मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी दोन लाख व जखमींना पन्नास हजार रुपये देण्याचा आदेश सरकारला दिला. त्या निकालाबद्दल ज्याची जी मतं असतील ती असोत. मला त्यातली एकच गोष्ट इथे महत्त्वाची वाटते: आरोपी दोषी ठरला नाही म्हणून स्फोटात माणूस गेला हे खोटं ठरत नाही, त्यामुळे भरपाई आरोपीच्या शिक्षेला बांधून ठेवता येत नाही. कायदा हे आधीपासूनच म्हणत होता. मग ती रक्कम जवळजवळ १७ वर्षांनी का? दोन लाखांचं २००८ मध्ये काय आलं असतं आणि २०२५ मध्ये काय येतं, हे कोणत्याही किराणा दुकानदाराला विचारावं.

पीडितांकडे आणि साक्षीदारांकडे लक्ष द्या, हे सर्वोच्च न्यायालयाला तर पुन्हा पुन्हा सांगावं लागलं आहे, आणि गंमत म्हणजे त्यातल्या तीन मोठ्या निर्णयांत समोर महाराष्ट्र राज्यच होतं. २०१३ मध्ये, शेतातल्या एका हाणामारीतून झालेल्या मृत्यूच्या खटल्यात, न्यायालयाने म्हटलं की भरपाई द्यायची की नाही यावर प्रत्येक फौजदारी खटल्यात विचार करणं हे न्यायाधीशाचं कर्तव्य आहे. २०२२ च्या जानेवारीत घाबरलेल्या, हतबल साक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात वेगळी साक्ष केंद्रं उभारण्याचे आदेश आले. ४ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने सत्र न्यायालयांना बजावलं की शरीरावरच्या गुन्ह्यांच्या निकालात, विशेषतः पीडित अल्पवयीन मुलं किंवा महिला असतील तेव्हा, आरोपी दोषी ठरो वा सुटो, भरपाईचा आदेश द्या. तीन वेळा आपल्याच दारात धडा दिला गेला. तरीही निकालपत्रात भरपाईचा परिच्छेद आहे का, हे मी आजही शेवटच्या पानापासून मागे वाचत शोधते.

तुमच्याकडून येणारा आक्षेप मला माहीत आहे, कारण तो मी ऐकलेला आहे. खोट्या फिर्यादी वाढतील. पैशासाठी गुन्हे नोंदवले जातील. यावर मला एवढंच म्हणायचं आहे की खून खोटा दाखल करणं सोपं नाही. त्यासाठी बहुतेक वेळा मृतदेह लागतो. गंभीर दुखापतीला वैद्यकीय अहवाल लागतो. पडताळणी तुमचीच आहे आणि पहिला हप्ता अंतरिम ठेवता येतो. थोडे पैसे चुकीच्या हाती जातील या भीतीने सगळ्यांचेच अडवून ठेवायचे, हा हिशेब अपघाताच्या बाबतीत आपण कधी केला नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. जिल्हा प्राधिकरणाचा सचिव एकटा. त्याच्याकडे लोकअदालत, कारागृहाच्या भेटी, शिबिरं, मध्यस्थी, आणि त्यात हे. लोकअदालतीत किती प्रकरणं निघाली याचे आकडे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत येतात, त्यामुळे सगळं बळ तिकडे लागतं. भरपाईच्या किती अर्जांवर दोन महिन्यांत निर्णय झाला, हे कोणी विचारत नाही, म्हणून कोणी मोजतही नाही. तेव्हा मोजा. प्रत्येक जिल्ह्याने दर तीन महिन्यांनी आलेले अर्ज, निकाली निघालेले अर्ज, निधीअभावी थांबलेले अर्ज आणि लागलेले दिवस जाहीर करावेत. निधी येत नसेल तर तेही लोकांना दिसू द्या. त्याचा जाब मग तुम्हाला नाही, मंत्रालयाला विचारता येईल.

माणसंही अगदीच नाहीत असं नाही. तुमचे विधी स्वयंसेवक गावोगाव आहेत. ते आज बहुतेक शिबिरांत सतरंज्या घालण्यात आणि हजेरीपटावर सह्या घेण्यात खर्ची पडतात (हे कडू वाटेल, पण शिबिरांना मी जाते). एफआयआरची प्रत आली की त्यांच्यापैकी एकाने, शक्यतो बाईने, त्या घरी जावं. तेराव्याच्या आधी नको, पण तेराव्यानंतर फार उशीरही नको. तिने काय करायचं ते साधं आहे: बाईचं स्वतःच्या नावाचं बँक खातं आहे का ते बघायचं, मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद कुठे अडलेत ते विचारायचं, मुद्देमालातली गाडी परत मिळवण्याचा अर्ज कोर्टात द्यायला मदत करायची, आणि फुकट वकील मिळतो हे सांगायचं. महिलांना विधी साहाय्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे तुमच्या कार्यालयातल्या पाटीवर लिहिलेलं असतं. ती पाटी वाचायला जिल्ह्याच्या गावी येण्यासाठी तिला एका दिवसाची मजुरी बुडवावी लागते.

तपासात काय प्रगती झाली हे पोलिसांनी ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं, असं नवी संहिता म्हणते, आणि ते मोबाइलवर कळवलं तरी चालतं. सरकार खटला मागे घ्यायला निघालं तर पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय न्यायालयाने परवानगी द्यायची नाही, असंही म्हणते. फिर्यादी नसलेल्या विधवेचा नंबर पोलिसांच्या कागदांत नसेल तर हे कळवणार कोणाला? तुमच्या स्वयंसेवकाने पहिल्या भेटीत तो नंबर घेऊन तपास अधिकाऱ्याला दिला, तर या दोन तरतुदी जिवंत होतील.

आणि तारखेच्या दिवसाबद्दल. साक्षीला आलेली बाई आमच्याकडे कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसते. आरोपीचे नातेवाईकही तिथेच बसतात, सावली तेवढीच आहे. पुकारा होईपर्यंत दोन-अडीच तास ती त्यांच्या नजरेखाली असते, आणि मग आत जाऊन तिने निर्भयपणे सगळं सांगावं अशी आपली अपेक्षा. साक्ष केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी झालं असेल, तर ते तालुक्याला, जिथे अतिरिक्त सत्र न्यायालय बसतं, तिथे कधी येणार ते सांगा. ते येईपर्यंत किमान एक खोली. आमच्या वकील संघाच्या खोलीतलं एक टोक पडदा लावून द्यायला आम्ही तयार आहोत, तसा ठराव पुढच्या बैठकीत मी मांडणार आहे. साक्षीदाराच्या खर्चाची तरतूद कायद्यात आहे. ती रक्कम त्याच दिवशी, परतीच्या एसटीच्या आधी हातात पडावी.

एफआयआर पाठवण्याच्या आदेशासाठी गृह विभागाचं परिपत्रक लागेल आणि तुमचं पत्र त्यांना जावं लागेल, याची मला कल्पना आहे. ते राज्यभर व्हायला वेळ लागणार असेल तर एका जिल्ह्यापासून सुरुवात करा. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष प्रधान जिल्हा न्यायाधीश असतात, पोलीस अधीक्षकांशी त्यांच्या बैठका होतच असतात. त्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा एक विषय वाढवण्यासाठी विधिमंडळाची परवानगी लागत नाही. आमचा जिल्हा निवडलात तर पहिल्या वर्षीच्या घरभेटींसाठी लागणारी वकील मंडळी मी जमवून देईन. यादी तयार आहे.

आपली विश्वासू,
तालुका न्यायालयातील एक वकील