भेंडीचं टोक मोडून बघता, मग पेन ड्राइव्ह का नाही?



आज थोडं कडक लिहिणार आहे. रुसायचं तर रुसा, पण शेवटपर्यंत वाचा.

आपण बायका भेंडीचं टोक मोडून बघतो. साडीचा काठ उलटा करून बघतो. सोन्यावरचा हॉलमार्क दिसत नसेल तर सोनाराकडून भिंग मागून घेतो. आणि पेन ड्राइव्ह? "दुकानात समोर टांगलेला होता तो घेतला." "भाच्याने ऑनलाइन मागवला, स्वस्तात मिळाला." "विधानाच्या वेळी प्रभावनेत आला होता, तोच वापरतेय." ज्यात घराचे हिशेब, लग्नाचे फोटो, मंडळाची पत्रकं आणि पाठशाळेच्या प्रश्नपत्रिका ठेवायच्या, ती वस्तू आपण डोळे मिटून घेतो. हे चुकीचं आहे. "ते पुरुषांचं काम" असं म्हणून सुटका करून घेणं तर त्याहून चुकीचं. फाइल गेली की रडत आपणच बसतो.

काही जणी म्हणतील, आता व्हॉट्सअॅप आहे, ईमेल आहे, पेन ड्राइव्ह कशाला हवा? तर ऐका. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो. तोच फोटो विधानाच्या फ्लेक्सवर छापला की पुसट येतो. झेरॉक्सच्या दुकानात दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आपलं व्हॉट्सअॅप किंवा ईमेल उघडायचं आणि घाईत तसंच उघडं सोडून यायचं, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे. सुनेचे फोटो, बँकेचे मेसेज, सगळं परक्याच्या पडद्यावर. त्यापेक्षा छापायची तेवढीच एक फाइल पेन ड्राइव्हवर न्यावी, हे शंभर पटीने बरं. म्हणून पेन ड्राइव्ह घ्यावा, पण पारखून.

पहिली गोष्ट आकड्याची. पाकिटावर 64 जीबी लिहिलेलं असतं आणि विंडोजमध्ये लावल्यावर साधारण 59.6 दिसतं. ही फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या पटीत मोजतं. मापं दोन, माल तोच. पण "दोन टीबी, फक्त काही शे रुपयांत" अशी जाहिरात दिसली तर ती सरळसरळ चोरी आहे. अशा ड्राइव्हमध्ये खरी जागा अगदी थोडी असते, पण आतल्या चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॉम्प्युटरने विचारलं की ती सांगते, माझ्यात दोन टीबी जागा आहे. आपण फाइली टाकत जातो, त्यांची नावंही यादीत दिसतात. खरी जागा भरली की पुढचं सगळं हवेत जातं किंवा आधीच्या फाइलींवरच लिहिलं जातं. उघडायला गेल्यावर कळतं की नाव आहे, माल नाही.

तत्त्वार्थसूत्र वाचणाऱ्या मैत्रिणींना अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार आठवत असतील. त्यातला हीनाधिक मानोन्मान म्हणजे देताना-घेताना मापात लबाडी, आणि प्रतिरूपक व्यवहार म्हणजे खऱ्याच्या नावाखाली नकली माल. खोटा पेन ड्राइव्ह विकणारा हे दोन्ही एकाच वेळी करतो. आणि खोटा असणार हे कळत असूनही "स्वस्त आहे ना" म्हणून घेणारी त्या व्यवहाराला हातभारच लावते. अणुव्रत फक्त गल्ल्यावर बसणाऱ्यासाठी नसतं, पिशवी घेऊन बाजारात जाणारीसाठीही असतं.

नवा ड्राइव्ह आणला की लगेच तपासा. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो ड्राइव्ह काठोकाठ भरतो, परत वाचतो आणि खरी जागा किती ते सांगतो. ते जमत नसेल तर जुने व्हिडिओ टाकून ड्राइव्ह पूर्ण भरा, बाहेर काढा, परत लावा आणि पहिल्या, मधल्या, शेवटच्या फाइली उघडून बघा. उघडल्या नाहीत तर परत करायची मुदत संपायच्या आत परत करा. पावती जपून ठेवा. वाणिज्य शाखेत मी शिकलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच: पावतीशिवाय व्यवहार झालाच नाही असं समजावं.

दुसरी गोष्ट वेगाची. पाकिटावर मोठ्या अक्षरात जो वेग छापलेला असतो तो बहुतेक वेळा वाचण्याचा असतो, आणि त्याच्या अलीकडे "पर्यंत" हा शब्द बारीक अक्षरात लपलेला असतो. लिहिण्याचा वेग फार कमी असू शकतो. हिशेब करून बघा. सेकंदाला 10 एमबी लिहिणारा ड्राइव्ह 64 जीबी भरायला पावणेदोन तास घेईल. सेकंदाला 100 एमबी लिहिणारा अकरा मिनिटांत मोकळा होईल. लग्नाची शूटिंग स्टुडिओतून आणायची असेल तर हा फरक जाणवतो. यूएसबी 3 चा ड्राइव्ह मागा आणि लिहिण्याचा वेग विचारा. 3 च्या जोडणीच्या आत बहुधा निळं प्लास्टिक असतं, पण नुसत्या रंगावर विसंबू नका, पाकीट वाचा. आणि कॉम्प्युटरचं भोकही 3 चं हवं, नाहीतर चांगला ड्राइव्हही जुन्याच चालीने चालेल.

तिसरी गोष्ट, जिच्यामुळे "ड्राइव्ह खराब निघाला" अशी ओरड होते. ड्राइव्हवर भरपूर जागा असते आणि तरी कॉम्प्युटर म्हणतो, फाइल फार मोठी आहे. ड्राइव्ह खराब नसतो. तो फॅट32 पद्धतीने मांडलेला असतो आणि त्या पद्धतीत 4 जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसतच नाही. कोठी रिकामी आहे, पण दार लहान आहे. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला की प्रश्न सुटतो, आणि तो विंडोजवरही चालतो, मॅकवरही. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून हे नवीन असतानाच करून घ्या. मुलाच्या नव्या लॅपटॉपला फक्त लहान गोलसर टाइप-सी भोक असेल तर दोन्हीकडे तोंड असलेला ड्राइव्ह घ्या. तो बऱ्याचशा मोबाइललाही लागतो.

आता वापराबद्दल. आपल्या घरात पाणी गाळल्याशिवाय वापरत नाहीत. दुहेरी कापड नळाला बांधणाऱ्या बायका झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेन ड्राइव्ह मात्र तसाच घरच्या कॉम्प्युटरला लावतात. त्या दुकानात दिवसभरात किती जणांचे ड्राइव्ह लागत असतील, विचार करा. व्हायरस असाच फिरतो. 2010 मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट नावाचा व्हायरस तर पेन ड्राइव्हवरून पसरत इराणच्या अणुप्रकल्पातल्या यंत्रांपर्यंत गेला होता. आपण किस झाड की पत्ती? बाहेर न्यायचा ड्राइव्ह वेगळा ठेवा, लहानसा, त्यात फक्त छापायची फाइल. घरी आल्यावर अँटीव्हायरसने तपासा, मगच उघडा. गाळणं ते गाळणंच.

आणि काढताना ओढून काढू नका. पडद्यावर "सुरक्षितपणे काढा" म्हणतं त्याला कारण आहे. कॉपी झाली असं आपल्याला दिसतं तेव्हाही थोडा मजकूर कॉम्प्युटरने अजून हातात धरलेला असू शकतो. आपल्या मुनिमहाराजांची आदाननिक्षेपण समिती माहीत आहे ना? वस्तू उचलताना आणि ठेवताना बघून, जपून. ती जीवदयेसाठी आहे, मान्य. पण ती सवय हाताला लागली तर फाइलींवरही दया होईल.

आता माझ्या मुख्य भांडणाकडे येते. पेन ड्राइव्ह हे वाहन आहे, तिजोरी नाही. फाइली या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर न्यायला तो बनला आहे. त्यात मजकूर विजेच्या भाराच्या रूपात राहतो आणि तो भार वर्षानुवर्षं पडून राहिला तर झिरपत जातो. आपण पिठाची मर्यादा पाळतो: पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. मग कपाटात पाच वर्षं पडलेल्या स्वस्त पेन ड्राइव्हला अमर्याद कसं मानता?

एका गावच्या महिला मंडळाचं उदाहरण मला माहीत आहे. नाव घेत नाही. त्यांनी म्हाताऱ्या बायकांच्या वह्यांतून व्रतकथा, जुनी पदं, कोणत्या व्रताचं उद्यापन कसं करायचं याच्या नोंदी दोन वर्षं बसून टाइप केल्या. सगळं एका पेन ड्राइव्हवर ठेवलं, आणि तो प्रभावनेत आलेला. "आता कॉम्प्युटरात आलं" म्हणून वह्या रद्दीत गेल्या. एक दिवस ड्राइव्ह लागेना. ज्यांच्या वह्या होत्या त्यातल्या दोघी तोपर्यंत गेल्या होत्या. आता कोणाला विचारणार?

आणि हे आपण फलटणकरांनी करावं? ज्या गावात धवल ग्रंथांची ताम्रपत्रं आहेत, त्या गावाने? षट्खंडागमाची धवला आणि कषायपाहुडाची जयधवला या टीका शतकानुशतकं मूडबिद्रीला ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत होत्या. एकाच गावी. लोक दुरून दर्शन घेत, वाचायला मिळत नसे. नकला व्हायला एकोणिसावं शतक संपत आलं आणि छापील धवलेचा पहिला खंड अमरावतीहून 1939 मध्ये निघाला. तोपर्यंत महाबंधाचा काही भाग किडीने खाल्लेला होता. हे कळल्यावर चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराजांना किती दुःख झालं ते आपण लहानपणापासून ऐकलं आहे. त्यांच्याच प्रेरणेने हे ग्रंथ तांब्यावर कोरले गेले. अडीच हजारांवर ताम्रपत्रं! त्यातून जो धडा मिळतो तो असा: एकच प्रत म्हणजे प्रत नाहीच, आणि माध्यम निवडताना फक्त आजची किंमत बघायची नसते.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. मंडळाने प्रभावनेत पेन ड्राइव्ह वाटणं बंद करावं. वाटायचेच असतील तर तपासलेले, नावाजलेल्या कंपनीचे, पावतीसह घेतलेले वाटावेत. नाहीतर एक वही द्या, ती बरी. बिघडलेल्या प्लास्टिकचा ढीग म्हणजे प्रभावना नव्हे आणि अपरिग्रह तर मुळीच नव्हे. घरात पाच स्वस्त ड्राइव्हपेक्षा एक चांगला असावा.

दुसरी मागणी: महत्त्वाच्या प्रत्येक फाइलीच्या तीन प्रती ठेवा. एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर, लेकीकडे पुण्याला किंवा इंटरनेटवर. पेन ड्राइव्ह या तिघांत धरायचा नाही, तो फक्त ने-आण करणार. मूळ वह्या कधीही रद्दीत द्यायच्या नाहीत.

तिसरी: ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, आपण ग्रंथ बाहेर काढतो, झटकतो, ऊन दाखवतो, वेष्टनं बदलतो. त्याच दिवशी मंडळाची हार्ड डिस्कही काढायची, लावायची, फाइली उघडून बघायच्या, नवी प्रत करायची आणि वहीत तारीख घालून दोघींनी सही करायची. यासाठी इंजिनिअर लागत नाही. जिला डाळीतला खडा दिसतो तिला हेही दिसेल.

पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. "हे मुलं बघतील" असं म्हणणारीला मी आधी विचारणार, बाई, तुझ्या तिजोरीची किल्ली कोणाकडे असते?