मेंढा सोन्याचा, मटण वातड

मटण शिजले नाही की आपल्याकडे आरोपी तीनच: खाटीक, चूल आणि घरची बाई. जनावराच्या आईबापांवर संशय घेण्याचे कोणाच्या मनात येत नाही. शास्त्रज्ञांनी मात्र तोही तपास केला, आणि त्यातली एका अमेरिकन मेंढ्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे.

१९८३ साली ओक्लाहोमा राज्यात, डॉर्सेट जातीच्या कळपात हा मेंढा जन्मला. त्याचा पुठ्ठा पैलवानासारखा भरला. नाव पडले ‘सॉलिड गोल्ड’, म्हणजे अस्सल सोने. त्याच्या वंशातही हाच गुण उतरला. अशी कोकरे जन्मतः चारचौघांसारखीच दिसतात. तीनचार आठवड्यांनी पाठ आणि मांड्या भरू लागतात. चारा कमी, चरबी कमी, मांस जास्त! मेंढपाळाला आणखी काय हवे? शास्त्रज्ञांनी या गुणाला ‘कॅलिपिज’ हे ग्रीक नाव दिले. अर्थ: सुंदर नितंबांचा. आपल्या संस्कृत कवींनी ‘नितंबिनी’ हा शब्द नायिकेसाठी राखून ठेवला होता. ग्रीकांचा तसलाच शब्द मेंढ्याच्या वाट्याला आला!

पण मांस ताटात आले आणि दातांनी तक्रार केली. विशेषतः पाठीचे मांस भलतेच वातड!

याचे कारण असे. जनावर कापल्यावर मांस आधी ताठरते आणि थंड जागी ठेवले की हळूहळू मऊ पडते. स्नायूंतले ‘कॅल्पेन’ नावाचे विकर त्यातले धागे तोडीत असते. कच्ची पपई जे काम बाहेरून करते, तेच हे आतून करते. या कॅल्पेनवर ‘कॅल्पास्टॅटिन’ नावाचा पहारेकरी असतो. कॅलिपिज मेंढ्यांत हा पहारा फार कडक. त्यामुळे जिवंतपणी स्नायूंची झीज कमी होते असे मानतात. पण मेल्यावरही पहारा उठत नाही आणि धागे तुटत नाहीत. एकाच पहारेकऱ्याने नफाही दिला आणि तोटाही!

वारशाची तऱ्हा तर आणखी नवलाची. बदललेले जनुक बापाकडून आणि साधे आईकडून आले, तरच पुठ्ठा भरतो. दोघांकडून बदललेलेच आले, तर कोकरू साधेच दिसते! २००२ साली मूळ सापडले: अठराव्या रंगसूत्रावर, अब्जावधी अक्षरांच्या मजकुरात एका अक्षराचा फरक.

मटणाचा मऊपणा केवळ कुळावर ठरत नाही. जनावराचे वय, त्याचा चारा, कापण्यापूर्वीची भीती, नंतरची थंडी, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. पण कुळाचा वाटा आता तपासता येतो. परदेशात मांसासाठी पाळलेल्या गुरांत याच दोन पदार्थांच्या जनुकांतले भेद आधीच पाहून पैदाशीची जनावरे निवडता येतात. ‘सॉलिड गोल्ड’च्या वेळी ही सोय नव्हती. तेव्हा मेंढा निवडला तो डोळ्यांनी आणि तराजूने. खाणाऱ्याला विचारायचे राहून गेले. व्यापाऱ्यांनी नाक मुरडले आणि पुष्ट पुठ्ठ्यांचे ते सोने बाजारात फारसे चालले नाही.