ग्रीनवूडची गोष्ट दुकानापासून नको, जमिनीपासून सांगा

'ब्लॅक वॉल स्ट्रीट'चे नाव घेऊन हल्ली आपल्या तरुणांना उद्योजकतेचे डोस पाजले जातात. अमेरिकेत टल्सा शहरातल्या ग्रीनवूडमध्ये कृष्णवर्णीयांनी स्वतःची दुकाने, हॉटेले, थिएटरे उभारली. तुम्हीही धंदा करा, आरक्षणाचा नाद सोडा! गोष्ट खरी आहे, पण ती मधूनच सुरू केली जाते. दुकानाखालची जमीन कुठून आली?

टल्सा हे क्रीक या आदिवासी राष्ट्राच्या भूमीवरचे, सरहद्दीवरचे गाव. 1882 साली तिथे रेल्वे आली. क्रीकांकडेही कृष्णवर्णीय गुलाम होते. 1866 च्या तहाने हे गुलाम क्रीक राष्ट्राचे नागरिक ठरले. म्हणूनच पुढे सरकारने क्रीकांची सामाईक जमीन मोडून माणशी 160 एकर वाटली, तेव्हा या माजी गुलामांच्या नावावरही ती चढली. (वाटपामागचा हेतू आदिवासींची सामाईक मालकी संपवण्याचा होता, हेही सांगितलेच पाहिजे.) दक्षिणेतल्या मुक्त गुलामांना मात्र चाळीस एकरांचे नुसते आश्वासन मिळाले होते.

1905 मध्ये टल्साजवळ तेल सापडले. 1906 मध्ये ओ. डब्ल्यू. गर्ली यांनी रेल्वेरुळांच्या उत्तरेला 40 एकर जमीन घेतली आणि त्यातले प्लॉट फक्त कृष्णवर्णीयांना विकले. 1907 मध्ये ओक्लाहोमा राज्य झाले आणि विधिमंडळाने सर्वात आधी काय केले? रेल्वेचे डबे वेगळे केले! 1908 मध्ये माजी गुलामांच्या जमिनींवरची विक्रीबंदी उठवली. तेलवाल्या जमिनींच्या लहान मुलांवर कोर्टाने गोरे पालक नेमले.

1921 च्या 31 मे आणि 1 जूनला ग्रीनवूडचे सुमारे 35 ब्लॉक जाळले गेले. आठवड्याभरात नगरपालिकेने ठराव केला, की इथे यापुढे फक्त अग्निरोधक इमारती बांधता येतील. घर जळालेला माणूस ते कुठून बांधणार? त्या जागेवर उद्योग आणि रेल्वे आणण्याचा घाट होता. बक कोलबर्ट फ्रँकलिन या वकिलांनी तंबूत ऑफिस थाटून तो ठराव कोर्टात पाडला. प्लॉट लोकांच्या नावावर होते, म्हणूनच हे जमले.

आपल्याकडे दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 चे भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, ते याच प्रश्नावर. गायरान कसणाऱ्यांना आजही अतिक्रमणाच्या नोटिसा येतात. पुढच्या उद्योजकता शिबिरात वक्त्याला एवढेच विचारा: साहेब, कर्जाला तारण म्हणून कोणता सातबारा लावायचा?

जय भीम!