पीयूसीपुरता फिरवलेला स्क्रू

डिसेंबरात आमच्या तेलीबांध्याच्या टेबलावर तीन पिस्टन येऊन पडले. दोन आरएक्स-१०० चे, एक येझ्दीचा. तिन्हींच्या एक्झॉस्टकडच्या अंगावर उभे ओरखडे, आणि एका आरएक्सच्या पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम तर रिंगांवर पसरलेलं. सोबतच्या चिठ्ठ्यांमध्ये सूर एकच: गाडी नुकतीच ट्यून केली होती, ऑइल भरपूर होतं, मग पिस्टन पकडला कसा? येझ्दीवाल्याने तर पेट्रोलमध्ये ऑइल दुप्पट टाकलं होतं.

तिघांनाही फोन करून आम्ही एवढंच विचारलं, की पीयूसी कधी काढली? तिघांचंही उत्तर, त्याच आठवड्यात.

सीओ, एचसीच्या मर्यादा तुम्हाला पाठ आहेत. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला सीओ ४.५ टक्के आणि एचसी ९००० पीपीएम. त्यानंतरच्या टू-स्ट्रोकला ३.५ आणि ६०००. मोजणी फक्त आयडलिंगवर. मेन जेट कोणता आहे, नीडलची क्लिप कितव्या खाचेत आहे, फिल्टर आहे की पोराने काढून फेकला आहे, याच्याशी त्या यंत्राला काही देणंघेणं नाही. पूर्ण थ्रॉटलवर काळा धूर सोडणारी गाडी आयडलिंगवर शहाण्यासारखी उभी राहिली की सर्टिफिकेट छापून मिळतं. आणि जुन्या गाड्यांना हा खेळ दर सहा महिन्यांनी.

मग काय होतं? गेल्या महिन्यात आमचीच आरएक्स घेऊन आम्ही शहरातल्या एका केंद्रावर गेलो. सीओ जरा वर आला. यंत्रामागच्या मुलाने मानही वर न करता सांगितलं, “स्क्रू आधा घुमा के लाओ.” कोणता स्क्रू, कोणत्या दिशेने, हे विचारायची सोय नाही. टू-स्ट्रोक दिसली की त्याचा चेहरा आधीच पडतो, कारण प्रोबचा फिल्टर ऑइलने काळा होतो. बाहेर उभ्या असलेल्या मेकॅनिकने वीस रुपये घेऊन स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढला, आकडा खाली आला, नंबर प्लेटचा फोटो निघाला. स्क्रू परत जागेवर न्यायला कुणी थांबत नाही. आम्ही थांबलो, कारण गाडी आमची होती.

यात गंमत अशी की मिकुनीच्या व्हीएममध्ये तो एअर स्क्रू आहे, बाहेर काढला की लीन. चेतकच्या स्पाकोमध्ये मागचा स्क्रू मिक्श्चरचा आहे, बाहेर काढला की रिच. हात मात्र दोन्हीकडे सवयीने एकाच दिशेला वळतो. स्पाकोवाला त्यामुळे नापास होऊन परत येतो आणि वाचतो. मिकुनीवाला पास होतो.

एअर स्क्रूचा अंमल पाव थ्रॉटलच्या आसपासच संपतो, असं आपल्यातले जाणकार लगेच म्हणतील. मान्य. पण जीई रोडवर संध्याकाळी गाडी चालते ती तेवढ्याच थ्रॉटलवर, आणि पूल उतरताना थ्रॉटल बंद करून आरपीएम चढलेले असतात तेव्हा इंजिनाला जे काही मिळतं ते त्याच वाटेने. शिवाय एचसीचं काय? टू-स्ट्रोकमध्ये एचसी वाढतो तो मुख्यतः ताजा चार्ज एक्झॉस्ट पोर्टमधून न जळताच निसटतो म्हणून. ती या इंजिनाची जन्मखूण आहे, ती स्क्रूने पुसली जात नाही. उलट फार लीन केलं की मिसिंग सुरू होतं आणि एचसी आणखी चढतो. तरी केंद्रावर दोन्ही आजारांना औषध एकच.

आता यात पेट्रोलची भर पडली आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला ९. ई-२० चा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. आरएक्स-१०० १९८५ साली बाजारात आली तेव्हाचा जेट शुद्ध पेट्रोलसाठी होता. तोच जेट आज ई-२० वर सुमारे ८ टक्के लीन चालतो, स्क्रूला कुणी हात लावला नाही तरी. इथेनॉलला आमचा विरोध नाही. धानाच्या या मुलुखात आपल्यापैकी निम्म्यांच्या घरी शेती आहे. शेतकऱ्याचं धान्य आणि ऊस टाकीत जात असेल तर जावो. पण मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये खुलासा काढला, त्यात जुन्या गाड्यांचं मायलेज ३ ते ६ टक्के घटेल आणि २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग बदलावे लागतील, एवढं आहे. जेटच्या आकड्याबद्दल चकार शब्द नाही. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ई-२० विरुद्धची याचिकाही फेटाळली. म्हणजे हेच पेट्रोल राहणार, आणि जेटचं आपणच बघायचं.

खरा विनोद तर पुढेच आहे. इथेनॉलमधल्या ऑक्सिजनमुळे आयडलिंगचा सीओ आपोआपच उतरतो. ज्या कारणासाठी आपण वर्षानुवर्षं स्क्रू बाहेर काढत आलो, ते कारणच आता बरंचसं उरलेलं नाही. तरी हात थांबत नाही. सरकार एका दाराने पेट्रोल लीन करतं, दुसऱ्या दारावर मिक्श्चर लीन करायला लावतं, आणि मधे थंडी. रायपूरच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांवर जुळवलेली गाडी डिसेंबरच्या १० अंशांच्या पहाटे निघते तेव्हा हवेची घनता सुमारे १२ टक्के वाढलेली असते. तीन लीन एकावर एक. येझ्दीवाल्याने ऑइल दुप्पट करून चौथं चढवलं. ऑइलने पेट्रोलची जागा खाल्ली. जास्त ऑइल म्हणजे रिच, हे कुणी तरी एकदाचं डोक्यातून काढा.

थंडीवरून आठवलं. बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइल, गुलमर्गला पर्यटकांना फिरवतात त्या, त्यांतल्या जुन्या टू-स्ट्रोकवर आपल्याच घराण्यातले मिकुनी व्हीएम असतात. त्यांच्या सर्व्हिस पुस्तिकेत तापमान आणि उंचीप्रमाणे मेन जेटचा तक्ता छापलेला असतो, आणि तिथला मेकॅनिक तो बघितल्याशिवाय पाना उचलत नाही. प्लगच्या रंगावरही ते थांबत नाहीत. प्लगच्या भोकातून उजेड टाकून पिस्टनच्या डोक्यावर ट्रान्स्फर पोर्टजवळचे धुतलेले पट्टे बघतात. पट्टेच नाहीत, सगळं कोरडं, तर लीन. ई-२० वर प्लगला पूर्वीसारखा रंग चढत नाही, त्यामुळे ही सवय आपणही लावून घ्यायला हवी. आपल्या गॅरेजच्या भिंतीवर ऑइल कंपनीचं कॅलेंडर असतं. जेटचा तक्ता आम्ही अजून एकाही भिंतीवर पाहिला नाही.

तक्ता का नाही, याचं उत्तर अधिकाऱ्यांकडे नाही, आपल्याकडे आहे. आपल्यातले उस्ताद जेटचा आकडा बायकोलाही सांगत नाहीत. आणि ज्यांना आकडा माहीत नाही ते स्टोव्हची पिन घालून भोक मोठं करतात. रिंगांवर पसरलेल्या त्या पिस्टनच्या मालकाने जेटही पाठवला होता. वर आकडा एक, भोक लांबुळकं, आणि आत पांढरी बुरशी. असा जेट किती पेट्रोल देतो हे देवालाही सांगता यायचं नाही. आकड्यांतही घोळ आहेच. मिकुनीच्या षटकोनी जेटवरचा आकडा प्रवाहाचा, डेलॉर्टोकडचा छिद्राच्या व्यासाचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ८ टक्के वाढवायचे तर शंभरच्या मिकुनीला आठेक आकडे वर जावं लागतं, शंभरच्या डेलॉर्टोला चारच पुरतात, कारण व्यास वाढला की क्षेत्रफळ त्याच्या वर्गाने वाढतं. आरडी-३५० वाल्यांनी हे दोनदा करायचं, आणि दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उठतात का ते जेट बदलल्यावर पुन्हा बघायचं.

हा सगळा कागदी हिशेब आहे, गाडीवर तो खरा किती उतरतो ते गाडीच सांगेल. म्हणून आता ऐकून घ्या. या महिन्यापासून पीयूसीला जाणाऱ्या प्रत्येक टू-स्ट्रोकचा स्क्रू किती फेरे बाहेर आहे ते आधी खडूने टाकीखाली लिहून ठेवा. स्क्रू हलवावा लागला तर गिऱ्हाइकाला घरी पाठवण्याआधी परत त्या खुणेवर आणा. जेटला हात लावण्याआधी क्रँकचे सील आणि मॅनिफोल्डचं रबर तपासा. हवा तिथून येत असेल तर जेट कितीही मोठा घाला, उपयोग नाही. मग मेन जेट एक पायरी वर घ्या, क्लिप एक खाच खाली उतरवा, आणि पूर्ण थ्रॉटलवर क्लच दाबून गाडी बंद करून पिस्टनचं डोकं बघा.

आणि जे दिसेल ते आम्हाला लिहून कळवा: गाडी कोणती, कार्ब्युरेटर कोणता, मेन जेट, पायलट, क्लिपची खाच, स्क्रूचे फेरे, पेट्रोल कोणत्या गावचं, सकाळी किती अंश. नाव द्यायचं नसेल तर देऊ नका, उस्तादकी शाबूत राहील. नागपूर, गोंदिया, दुर्ग, धमतरी, कुठूनही चालेल. पोस्टकार्ड पुरेल. २५ तारखेपर्यंत आलेलं सगळं फेब्रुवारीच्या अंकात मधल्या पानावर तक्ता म्हणून छापू, पिना काढून भिंतीला लावता येईल असं. पिस्टन मात्र आता पाठवू नका, टेबलावर जागा उरलेली नाही.