रजा कुणाच्या हिशेबात बसते?



9 ऑगस्ट 2024 रोजी सुसान वोजिस्की फुफ्फुसाच्या कर्करोगानं गेल्या. वय अवघं 56. त्यांच्यावरच्या बहुतेक लेखांत गॅरेजची गोष्ट होतीच. 1998 मध्ये घराच्या कर्जाला हातभार म्हणून त्यांनी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमधलं आपलं गॅरेज दोन तरुणांना महिना 1,700 डॉलरनं भाड्यानं दिलं आणि तिथं गूगल वाढू लागलं. पुढच्याच वर्षी इंटेलमधली नोकरी सोडून त्या आपल्या भाडेकरूंच्या कंपनीत सोळाव्या कर्मचारी म्हणून रुजू झाल्या. जाहिरातींचा व्यवसाय उभा करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. 2006 मध्ये यूट्यूब विकत घ्या, हा आग्रह त्यांचाच. 2014 ते 2023 त्या यूट्यूबच्या प्रमुख होत्या.

मला स्वतःला गॅरेजपेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. रुजू झाल्या तेव्हा त्या चार महिन्यांच्या गरोदर होत्या. गूगलमध्ये बाळंतपणाची रजा घेणारी पहिली बाई त्या. माझ्या पहिल्या बाळंतपणात रजेच्या अर्जावर सही करताना साहेबांनी विचारलं होतं, "नक्की परत येणार ना?" त्याच महिन्यात बाप झालेल्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना कुणी काही विचारलं नाही, पेढे तेवढे मागितले.

पाचव्या बाळंतपणाच्या तोंडावर, डिसेंबर 2014 मध्ये, वोजिस्कींनी वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये लेख लिहिला. अमेरिकेत 1993 च्या कायद्यानं 12 आठवडे रजा मिळते, पण बिनपगारी, आणि छोट्या आस्थापनांतल्या बायकांना तीही नाही. गूगलनं 2007 मध्ये पगारी रजा 12 वरून 18 आठवडे केली, तेव्हा बाळंतपणानंतर नोकरी सोडणाऱ्या बायकांचं प्रमाण निम्म्यावर आलं. देशानं पगारी रजा द्यावी, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. एवढ्या वरच्या खुर्चीवरून बाळंतपणाबद्दल इतकं उघड बोलणं सोपं नव्हतं, हे मान्य करू या.

पण हा युक्तिवाद मला थोडा बोचतो. रजा कंपनीच्या फायद्याची म्हणून द्यायची, तर जिला बदलणं स्वस्त पडतं तिचं काय? गूगलमध्ये कंत्राटावर काम करणारे हजारो लोक होते, यूट्यूबवरचे नकोसे व्हिडिओ दिवसभर पाहून तपासणारेही त्यांत आले. ती 18 आठवड्यांची रजा त्यांची नव्हती. नोव्हेंबर 2018 मध्ये लैंगिक छळाच्या प्रकरणांवरून जगभरातले सुमारे 20,000 कर्मचारी काम सोडून बाहेर पडले. कंत्राटी लोकांची बाजूही तेव्हापासून जोरात मांडली जाऊ लागली. एप्रिल 2019 मध्ये कंपनीनं अमेरिकेतल्या आपल्या कंत्राटदारांना 12 आठवड्यांच्या पगारी पालकत्व रजेची अट घातली. वोजिस्कींच्या पहिल्या रजेनंतर वीस वर्षांनी!

आपल्याकडे 1961 साली कायदा झाला, 2017 मध्ये रजा 26 आठवड्यांची झाली. धुणीभांडी करणारी किंवा ऊसतोडीला जाणारी बाई मात्र अर्ज करणार कुणाकडे? तुमची रजा कशी मिळाली, की मिळालीच नाही, आणि त्या दिवसांत घर कुणाच्या पगारावर चाललं, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात काही पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत.