आरएसआय ७४ आहे, आता थांबू का?

रविवारी मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये एका बाबाने फोन पुढे केला. "ताई, एसपीवायचा आरएसआय ७४ झालाय. मुलीच्या कॉलेजचे पैसे या महिन्यात टाकू की थांबू?" मुलगी आठवीत. मी सीए, म्हणजे मला माहीत असणारच!

मला विचाराल तर टाका. आरएसआय म्हणजे गेल्या १४ दिवसांतल्या चढाची आणि उताराची सरासरी यांची तुलना, ० ते १०० मध्ये बसवलेली. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये ती मांडली. ७०च्या वर 'ओव्हरबॉट' म्हणतात खरं, पण चांगल्या तेजीत तो आकडा ७०च्या आसपास बराच काळ रेंगाळतो आणि आपण बाहेर वाट बघत बसतो. शिवाय तो आकडा एसअँडपी ५०० बद्दल सांगतो, फंडाबद्दल नाही. व्हीओओ घेतलात तरी आरएसआय जवळपास तोच येणार. फंड तपासायचा तर खर्च बघा: एसपीवाय ०.०९४५ टक्के, व्हीओओ ०.०३ टक्के. इंडेक्सच्या किती मागे राहतो ते बघा.

आता माझी फजिती. माझा विश्वास २०० दिवसांच्या सरासरीवर होता. २७ फेब्रुवारी २०२० ला इंडेक्स त्या रेषेखाली, २९७८ वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी मी विकलं. मार्चमध्ये तो २२३७ वर आला तेव्हा फार खूश होते (नवऱ्याला दोनदा ऐकवलंही). मे अखेरीस तो परत रेषेच्या वर आला, ३०३६ ला. म्हणजे विकलं त्याहून महाग घेतलं, वर नफ्यावर टॅक्स भरला. आणि नियम मी अगदी काटेकोर पाळला होता हं. २००८ मध्ये याच रेषेने पुष्कळ वाचवलं असतं, तेही कबूल. पण तशी मंदी रोज येत नाही, टॅक्स मात्र दर वेळी लागतो.

५२९ खात्यात तर हा खेळ चालतच नाही. आत असलेल्या पैशांची गुंतवणूक कॅलेंडर वर्षात दोनदाच बदलता येते. मुलगी दहावी-अकरावीत गेली की थोडे थोडे बाँडमध्ये हलवा, आरएसआय काहीही असो.

तो गाडीत बसता बसता म्हणाला, "मग निफ्टीबीज घेऊ?" अहो, अमेरिकेत राहून भारतातला ईटीएफ म्हणजे पीएफआयसी, फॉर्म ८६२१! त्यावर वेगळं लिहीन, १५ एप्रिल उलटला की.